महागडी वस्तू कुरिअरने पाठवताय? पुण्यातल्या छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

घरातून ऑनलाइन विक्री सुरू करणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात : ‘पार्सल हरवलं तर कुरिअरवाला भरून देतो ना?’ देतो, पण फार थोडं. चाळीस हजारांच्या वस्तूमागे कधी हजार-बाराशे रुपये, कधी तेवढेही नाही. हे आधी माहीत असेल तर पुढची सगळी व्यवस्था नीट लावता येते.

मी पुण्यातून चांदीचे पारंपरिक दागिने आणि पैठण्या विकते. नथ, ठुशी, तोडे, कधी मोठा देवघराचा सेट. त्यामुळे खालची उदाहरणं त्यातली आहेत. पण तुम्ही कॅमेऱ्याची लेन्स, तंबोरा, जुनी घड्याळं, तैलचित्रं किंवा तांबट आळीतली घडीव भांडी विकत असाल, तरी पायऱ्या याच राहतील. हा लेख भारतातल्या भारतात माल पाठवण्याबद्दल आहे. परदेशी पाठवणीत कस्टम्स येतं, त्याची कागदपत्रं वेगळी.

१. आधी पावतीची मागची बाजू वाचा

कुरिअरची पावती, म्हणजे डॉकेट, हा तुमच्यातला आणि कुरिअर कंपनीतला करार असतो. पुढच्या बाजूला पत्ता आणि वजन, मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अटी. आता बहुतेक बुकिंग मोबाइलवर होतं, तिथे याच अटी ‘मला मान्य आहे’च्या खुणेमागे असतात. त्यात ‘लायबिलिटी’ नावाचं कलम शोधा. कंपनी जास्तीत जास्त किती रक्कम देईल तो आकडा तिथे लिहिलेला असतो.

हा आकडा छोटा असण्याला कायद्याचाही आधार आहे. रस्त्याने माल वाहून नेण्याचा कायदा २००७ चा आहे आणि त्यात घरपोच सेवा देणाऱ्या कुरिअर एजन्सीही येतात. त्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित आहे. म्हणजे १२० रुपये भाडं भरलं असेल तर १,२०० रुपये. वस्तूचं मूल्य आधी जाहीर करून, जास्त जोखमीचा दर भरून माल दिला असेल तरच ही मर्यादा वर जाते. धंद्यातल्या भाषेत यालाच ‘कॅरिअर्स रिस्क’ म्हणतात, आणि त्यासाठी जे जादा शुल्क लागतं त्याला ‘एफओव्ही’ (फ्रेट ऑन व्हॅल्यू, म्हणजे किमतीवर धरलेलं भाडं). पावतीवर ‘ओनर्स रिस्क’ असं छापलेलं किंवा टिक केलेलं असेल, तर जोखीम तुमच्या माथी.

‘सही केली पण वाचलं नव्हतं’ हे कोर्टात चालत नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या प्रकरणात सही केलेल्या पावतीवरची १०० डॉलरची मर्यादा ग्राह्य धरली होती. ग्राहक आयोगाने अशी मर्यादा एकतर्फी असल्याचं ठरवून जास्त भरपाई दिल्याची प्रकरणंही आहेत, पण त्या भरवशावर माल पाठवू नये.

टपाल खात्याचंही तसंच. स्पीड पोस्टची वस्तू हरवली तर नागरिक सनदेप्रमाणे (खात्याने स्वतःच जाहीर केलेल्या सेवेच्या हमीप्रमाणे) भरपाई म्हणजे भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. विमा वेगळा मागून घ्यावा लागतो.

२. वस्तू त्या मार्गाने नेता येते का, ते पाहा

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि इथेच क्लेम बुडतो. प्रत्येक कुरिअर कंपनीची आणि शिपिंग अ‍ॅपची एक यादी असते : काय घेणार नाही त्याची. सोनं, चांदी, मौल्यवान खडे, रोकड, पुरातन वस्तू, मूळ चित्रं ही बहुतेक याद्यांमध्ये असतात. अ‍ॅपवर पत्ता टाकून बुकिंग होतं, पिकअपवाला मुलगा येऊन खोका नेतो, कोणी काही विचारत नाही. म्हणून वस्तू चालते असं होत नाही. हरवल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘आत काय होतं?’ आणि यादीतली वस्तू असेल तर उत्तर ठरलेलं असतं.

यावर काही जण सल्ला देतात : चांदीचा सेट असला तरी ‘गिफ्ट आर्टिकल’ लिहा, किंमत पाचशे टाका. कृपा करून हे करू नका. खोटं वर्णन लिहिलं की कुरिअरची जबाबदारी संपते, आणि विमा असेल तर तोही जातो, कारण विम्याचा करार पूर्ण खरेपणावरच उभा असतो. शिवाय बिलावर एक आणि डॉकेटवर दुसरं असं झालं तर जीएसटीच्या तपासणीत माल अडकतो तो वेगळाच.

पार्सल विमानाने जाणार असेल तर लिथियम बॅटरी, अत्तर, स्पिरिट असलेली पॉलिश यांनाही बंधनं आहेत. घड्याळ आणि कॅमेरा विकणाऱ्यांनी सुटी बॅटरी न पाठवलेली बरी.

३. कागदपत्रं तयार ठेवा

एकदा फाइल लावली की पुन्हा धावपळ होत नाही. माझ्याकडे प्रत्येक ऑर्डरचं मोबाइलवर एक फोल्डर असतं आणि त्यात हे सगळं :

- विक्रीचं बिल. वस्तूचं पूर्ण वर्णन, वजन, घडणावळ वेगळी, एचएसएन कोड (जीएसटीसाठी वस्तूच्या प्रकाराला दिलेला क्रमांक). दागिन्यांसाठी ७११३.
- तुम्ही वस्तू घेतली त्याचं खरेदी बिल, किंवा कारागिराला दिलेल्या मजुरीची पावती.
- वस्तूचे फोटो, शिक्के आणि खुणा दिसतील असे.
- ग्राहकाशी झालेला व्यवहार : पैसे आल्याचा पुरावा, पत्ता कळवलेला संदेश.
- डॉकेटची प्रत आणि पॅकिंगचा व्हिडिओ.
- पॅन, बँक तपशील, जीएसटी क्रमांक असल्यास तो, आणि उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी).

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. ती आजच करून टाका. तिचा उपयोग शेवटच्या पायरीत येईल.

दागिन्यांच्या बाबतीत हॉलमार्कचा एचयूआयडी फार उपयोगी पडतो. हा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक प्रत्येक दागिन्याला वेगळा असतो. सोन्यासाठी तो १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे, चांदीसाठी १ सप्टेंबर २०२५ पासून ऐच्छिक स्वरूपात सुरू झाला. बिलावर हा क्रमांक घातला की ‘नेमकी हीच वस्तू खोक्यात होती’ हे सांगायला भक्कम आधार मिळतो. पोलिसांकडे तक्रार द्यायची वेळ आली तरी तोच क्रमांक कामाला येतो. चांदीला ऐच्छिक असला तरी महागड्या नगाला मी तो करूनच घेते.

जीएसटीबद्दल थोडक्यात. वस्तू महाराष्ट्राबाहेर विकायच्या असतील तर उलाढाल कितीही लहान असली तरी सहसा नोंदणी लागते. अधिसूचित हस्तकला वस्तूंना यात ठरावीक उलाढालीपर्यंत सूट आहे. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा : ही सूट घेऊन हस्तकलेची वस्तू दुसऱ्या राज्यात पाठवली तर किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल (माल नेताना सोबत लागणारी जीएसटीची ऑनलाइन नोंद) लागतं. एरवी राज्याबाहेर ५०,००० रुपयांवर आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावर ते लागतं. सोन्या-चांदीचे दागिने या ई-वे बिलाच्या नियमातून वगळलेले आहेत, इमिटेशन ज्वेलरी मात्र नाही. तुमची वस्तू कुठे बसते ते सीएला एकदा विचारून लिहून घ्या.

४. पाठवायचा मार्ग ठरवा

तीन मार्ग आहेत आणि वस्तूच्या किमतीवर निवड करावी.

*टपाल खातं.* दागिन्यांसारख्या वस्तू विमा उतरवून पाठवण्याची सोय इथे जुनी आहे, आणि छोट्या विक्रेत्याला पहिल्या दिवसापासून वापरता येणारा हाच सोपा मार्ग. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. आता स्पीड पोस्टवरच थोडे पैसे जास्त भरून ‘रजिस्ट्रेशन’ घेता येतं, म्हणजे वस्तू ज्याच्या नावाची त्याच्याच हातात किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या हातात पडते. ओटीपी सांगितल्यावरच वस्तू देण्याची सोयही आहे. दोन्ही घ्या. काउंटरवर गेल्यावर ‘विम्यासह पाठवायचंय’ हे सुरुवातीलाच सांगा, कारण विमा असलेल्या वस्तूची नोंद आणि हाताळणी वेगळी होते. विम्याची वरची मर्यादा आणि त्या दिवसाचा दर तिथेच विचारून घ्या. मोठ्या कचेरीत जाणं बरं : लक्ष्मी रोडवरचं सिटी पोस्ट किंवा साधू वासवानी रोडवरचं जीपीओ. छोट्या उपकचेरीत विम्याची पार्सलं रोज येत नाहीत, मग कर्मचाऱ्याचाही वेळ जातो आणि तुमचाही.

*नेहमीचं कुरिअर किंवा शिपिंग अ‍ॅप.* पैठणी, भांडी, लेन्स अशा वस्तूंसाठी ठीक, पण स्वतःचा ट्रान्झिट विमा, म्हणजे वाटेतल्या मालाचा विमा, असेल तरच. अ‍ॅपवर ‘सुरक्षित शिपमेंट’ असं जे बटण दिसतं, त्यामागची पॉलिसी कोणाची, मर्यादा किती आणि कोणत्या वस्तू वगळल्या आहेत, हे वाचल्याशिवाय त्याला विमा समजू नका.

*मौल्यवान मालाचे वाहतूकदार.* सिक्वेल, बीव्हीसी अशा कंपन्या सराफी धंद्याचा माल नेतात. सीलबंद पिशवी, सुरक्षित वाहन, विमा, सगळं त्यांच्या सेवेत बसतं. त्यांच्याकडे आधी खातं उघडावं लागतं, केवायसी होते, आणि एकेका छोट्या पार्सलला दर जड वाटतो. लाखाच्या पुढची वस्तू असेल तर मी दुसरा विचार करणार नाही. खातं उघडण्याइतका धंदा नसेल तर लक्ष्मी रोडवरच्या तुमच्या ओळखीच्या सराफाला विचारा. त्यांचं खातं असतं, आणि बिल त्यांच्यामार्फत होत असेल तर पाठवणीही रीतसर त्यांच्यामार्फत होऊ शकते.

कोणत्याही मार्गाने पाठवा, महागड्या वस्तूला कॅश ऑन डिलिव्हरी ठेवू नका. ग्राहकाने नाकारलेलं पार्सल परत येताना आत दुसरंच काही भरलेलं निघण्याचा प्रकार सगळ्यात जास्त तिथेच होतो.

५. विमा : काय मागायचं आणि काय विचारायचं

मालवाहतुकीच्या विम्याला आपल्याकडे ‘मरीन’ म्हणतात आणि तो १९६३ च्या मरीन इन्शुरन्स कायद्याखाली येतो. ट्रक सोलापूर रोडने जाणार असला तरी पॉलिसीवर मरीनच लिहिलेलं असेल, गोंधळू नका. न्यू इंडिया, ओरिएंटल अशा सरकारी कंपन्या आणि बहुतेक खासगी जनरल इन्शुरन्स कंपन्या ही पॉलिसी देतात. एजंटपेक्षा ब्रोकरकडे गेलात तर तीन-चार कंपन्यांचे कोट एकदम मिळतात.

प्रकार मुख्यतः दोन. एका पाठवणीपुरती पॉलिसी, आणि वर्षभराची ओपन पॉलिसी, ज्यात दर पाठवणीची माहिती तुम्ही कळवत जाता. वर्षाला एखाददुसरीच मोठी वस्तू जात असेल तर पहिली पुरते. दर आठवड्याला पार्सलं जात असतील तर दुसरी घ्या, कारण प्रत्येक वेळी पॉलिसी काढायच्या नादात एखादी पाठवणी विम्याशिवाय निघून जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्याची तीन ठरलेली कलमं आहेत : ए, बी आणि सी. सीमध्ये जवळपास फक्त आग आणि वीज. बीमध्ये त्यावर गाडीची टक्कर, उलटणं, पूल कोसळणं वगैरे. चोरी, खोक्यातून माल काढून घेणं आणि पार्सल पोहोचलंच नाही, हे आपल्या धंद्यातले खरे धोके बी आणि सीमध्ये नसतात. ए हे सर्व जोखमींचं कलम आहे. स्वस्त कोट आला की आधी कलम कोणतं ते बघा. दंगल आणि संप यांचं संरक्षण ए घेतलं तरी वेगळं जोडावं लागतं.

ए घेतलं तरी पुढच्या गोष्टी त्यात नसतात : अपुरं पॅकिंग, वस्तूचा मूळचाच दोष, उशिरामुळे झालेलं नुकसान, आणि तुम्ही जाणूनबुजून केलेली चूक. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पैठणी पोहोचली तर विमा काही देणार नाही.

कोट मागताना हे प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तरही ईमेलवरच घ्या. तोंडी ‘हो हो, सगळं कव्हर आहे’ यावर विसंबू नका.

कुरिअर आणि पोस्ट या दोन्ही मार्गांना पॉलिसी लागू आहे का? चांदी, दागिने, कलावस्तू वगळल्या आहेत का? ग्राहकाने परत पाठवलेला माल वाटेत असताना संरक्षण आहे का? हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि ऑनलाइन धंद्यात परतीचा प्रवास तर नेहमीचाच. क्लेममधून किती रक्कम आधी वजा होईल? पॅकिंगबद्दल काही अट आहे का?

आणि ‘पर सेंडिंग लिमिट’ किती? एका वेळी एका वाहनात असलेल्या तुमच्या मालाची ही कमाल मर्यादा. दिवाळीच्या आधी तुम्ही एकाच संध्याकाळी दहा पार्सलं दिलीत, प्रत्येकात तीस हजारांची वस्तू. दहाही एकाच पिकअप गाडीत आहेत. गाडीच चोरीला गेली तर नुकसान तीन लाखांचं, आणि लिमिट एक लाखाचं असेल तर दोन लाख तुमच्या खिशातून. सणासुदीआधी हे लिमिट वाढवून घ्या, नाहीतर पार्सलं दोन-तीन दिवसांत विभागून द्या.

विम्याची रक्कम कमी धरण्याचा मोह होतो. समजा ४०,००० ची वस्तू २०,००० ला उतरवली आणि १०,००० रुपयांचं नुकसान झालं. कंपनी निम्मीच जोखीम घेतलेली मानते, म्हणून हातात ५,००० येतात. साधारण रीत म्हणजे बिलाची रक्कम अधिक दहा टक्के. एकमेव, हाताने घडवलेली किंवा जुनी वस्तू असेल तर नोंदणीकृत मूल्यांककाकडून किमतीचा दाखला घेऊन ठरावीक मूल्याची पॉलिसी मागा, म्हणजे नंतर किमतीवर वाद नको.

माल घरात असतानाच्या विम्याबद्दलही एक गोष्ट. घराच्या विम्यात धंद्याचा माल सहसा धरत नाहीत. सोन्या-चांदीच्या धंद्याला ‘ज्वेलर्स ब्लॉक’ नावाची पॉलिसी असते, ज्यात जागेतला माल, तुमच्या किंवा नोकराच्या ताब्यातला माल, आणि वाटेतला माल असे वेगवेगळे विभाग असतात. धंदा वाढला की तिची चौकशी करा.

६. पॅकिंग

अपुरं पॅकिंग हे क्लेम नाकारण्याचं सगळ्यात सोपं कारण, म्हणून इथे हात आखडता घेऊ नका. खोके, बबल रॅप, टेप हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत घाऊक भावात मिळतं. तिथे जाताना वस्तूचं माप घेऊन जा, आणि सकाळी दुकानं उघडताना गेलात तर निवांत बघता येतं. पाच प्लायचा, म्हणजे पाच थरांचा, खोका मागा. तीन प्लायचा दाबून बघा, अंगठा आत जातो.

नथ कशी बांधायची ते सांगते, त्यावरून बाकीचं लक्षात येईल. नथीचे मोती तारेत ओवलेले असतात आणि डबीत सैल राहिली तर दोन दिवसांच्या प्रवासात मोती धातूवर घासून चरे पडतात, आकडाही वाकतो. म्हणून आधी ती मऊ कागदात गुंडाळायची, मग डबीतल्या फोमला दोऱ्याचे दोन टाके घालून बसवायची. डबी हलवून पाहायची. आवाज येता कामा नये. चांदी असेल तर डबी हवाबंद झिप पिशवीत घालायची आणि सोबत सिलिका जेलची पुडी. पिशवीला रबरबँड कधीही लावू नका. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते आणि ग्राहकाला वाटतं जुनी वस्तू पाठवली. मग डबी छोट्या खोक्यात, आणि तो छोटा खोका मोठ्या खोक्यात, मध्ये सगळीकडून भरण.

पैठणीला प्लास्टिक थेट लावू नका, पावसाळ्यात तर नाहीच. आधी मलमल किंवा बटर पेपर, जरीच्या घडीत कागद, आणि मग बाहेरून पाणी न शिरणारी पिशवी. जून ते सप्टेंबर पिकअपच्या गाड्यांमध्ये खोके ओले होतात हे गृहीत धरूनच बांधा.

बाहेरच्या खोक्यावर दुकानाचं नाव, ‘ज्वेलर्स’, ‘सिल्व्हर’ असं काही नको. साधा तपकिरी खोका, पत्ता, फोन. खरं वर्णन डॉकेटवर आणि बिलावर असतंच. बिल पारदर्शक पाकिटात बाहेर लावायला सांगतात तेव्हा ते अशी घडी घालून ठेवा की रक्कम आत जाईल. सगळ्या जोडांवर टेप लावून, टेप आणि पुठ्ठा दोन्हींवर जाईल अशी आडवी सही करा. कोणी टेप काढून पुन्हा लावली तर सहीच्या रेषा जुळत नाहीत.

दुहेरी खोक्याने भाडं वाढतं. कुरिअर आकारमानाचं वजनही धरतात : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायची. ३० × २० × १५ चा खोका म्हणजे १.८ किलो, आत नथ वीस ग्रॅमची असली तरी. हा खर्च किमतीतच धरा.

७. व्हिडिओ आणि वजन

पॅकिंगचा व्हिडिओ सगळेच काढतात, पण तो पुरावा ठरेल असा काढत नाहीत. कुठेही न थांबवता, एकाच तुकड्यात : वस्तू, तिची खूण किंवा एचयूआयडी, डबी, आतला खोका, बाहेरचा खोका, टेप, सही, मग वजनकाट्यावरचा आकडा, आणि शेवटी खोक्यावर चिकटवलेलं डॉकेट नंबरचं लेबल. लेबल दिसलं नाही तर तो कोणत्याही पार्सलचा व्हिडिओ असू शकतो.

वजनाचं महत्त्व मला एका तोड्यांच्या जोडीने पटवलं. खोका ग्राहकाकडे अखंड दिसणारा पोहोचला, आत तोडे नव्हते. कुरिअर कंपनीचं म्हणणं, सील शाबूत आहे, माल भरलाच नसेल. पण माझ्या व्हिडिओत काट्यावर ६४० ग्रॅम दिसत होते, त्यांच्याच पुण्यातल्या बुकिंगच्या नोंदीत तेवढेच होते, आणि ग्राहकाच्या शहरातल्या हबच्या नोंदीत ४१० ग्रॅम. खोका वाटेत उघडला गेला हे त्यांच्याच आकड्यांवरून सिद्ध झालं आणि विम्याचा क्लेम मंजूर झाला. म्हणून डॉकेटवर अंदाजाचं ‘अर्धा किलो’ लिहू देऊ नका. ग्रॅममध्ये नेमकं वजन लिहून घ्या.

८. पाठवण्याचा दिवस आणि ग्राहक

पार्सल शनिवारी देऊ नका, रविवारभर गोदामात पडून राहतं. गणपतीत विसर्जनाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, लक्ष्मी रोडच्या आसपास पिकअप होत नाही. त्या आठवड्यात महागडी वस्तू पाठवायचं टाळा.

पाठवण्यापूर्वी ग्राहकाला फोन करून विचारा, ‘पुढचे चार-पाच दिवस घरी आहात ना?’ देशांतर्गत रस्ते वाहतुकीच्या ठरलेल्या कलमांनुसार, गाडी त्या शहरात पोहोचल्यापासून सात दिवसांनी विम्याचं संरक्षण संपतं, माल ग्राहकाच्या हाती पडो न पडो. ‘मी गावाला आहे, कुरिअरवाल्याला ठेवून घ्यायला सांगते’ असं कोणी म्हणालं तर पार्सल पाठवूच नका, आल्यावर पाठवा. वॉचमनकडे, शेजारी, सोसायटीच्या ऑफिसात देऊ नका असं लेबलवरही लिहा.

ग्राहकाला आधीच हा संदेश पाठवून ठेवा : ‘खोका फाटलेला, ओला किंवा टेप बदललेली दिसली तर घेण्याआधी फोटो काढा आणि पावतीवर तसा शेरा लिहूनच सही करा. उघडताना व्हिडिओ काढा.’ शेऱ्याशिवाय सही झाली की माल चांगल्या स्थितीत पोहोचला असं मानलं जातं.

९. पार्सल हरवलं किंवा फुटलं तर

त्याच दिवशी कामाला लागा, आणि सगळं लेखी करा.

विमा कंपनीला लगेच कळवा. क्लेम क्रमांक मिळवा. तुटलेली वस्तू आणि खोका, दोन्ही फेकू नका. नुकसान तपासायला नेमलेला सर्व्हेअर बघायला मागू शकतो.

कुरिअर कंपनीला ईमेलने तक्रार करा आणि माल न पोहोचल्याचा किंवा नुकसानीचा दाखला मागा. हा दाखला द्यायला टाळाटाळ होते. दर दोन दिवसांनी त्याच ईमेलखाली पुन्हा मागत राहा, म्हणजे पाठपुरावा एका जागी दिसतो. २००७ च्या कायद्याप्रमाणे वाहतूकदारावर दावा करण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. विमा आहे म्हणून ही नोटीस सोडू नका. विमा कंपनी तुम्हाला पैसे दिल्यावर तुमच्या वतीने वाहतूकदाराकडे वसुली करते. तुम्ही मुदत घालवलीत तर तिचा तो हक्क बुडतो आणि त्याचा परिणाम तुमच्या क्लेमवर होतो.

चोरीची शंका असेल तर पोलिसांत तक्रार द्या. सोबत बिल, फोटो, एचयूआयडी.

क्लेमला जोडायची कागदपत्रं : क्लेम फॉर्म, पॉलिसीची प्रत, बिल, डॉकेट, पॅकिंगचा व्हिडिओ, ग्राहकाचा उघडतानाचा व्हिडिओ किंवा लेखी निवेदन, कुरिअरशी झालेला पत्रव्यवहार, दाखला, आणि रद्द केलेला चेक. तिसऱ्या पायरीतलं फोल्डर असेल तर हे अर्ध्या तासाचं काम आहे.

जीएसटी नोंदणी असेल तर आणखी एक. हरवलेल्या किंवा चोरीला गेलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) परत करावं लागतं. विम्याची रक्कम ठरवताना हे धरलं नसेल तर तेवढा फटका बसतो. सीएशी पॉलिसी घेतानाच बोला.

ग्राहकाला क्लेम मिळेपर्यंत ताटकळत ठेवू नका. त्याचे पैसे परत द्या किंवा दुसरी वस्तू पाठवा. त्यासाठी धंद्यात थोडी रक्कम बाजूला असू द्या.

१०. क्लेम नाकारला तर

आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार. विमा नियामक आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही ती नोंदवता येते. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. पुण्याचं लोकपाल कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. वैयक्तिक पॉलिसींबरोबरच एकल मालकीचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग यांच्या तक्रारीही तिथे घेतात. इथे तुमची उद्यम नोंदणी कामाला येते. फी नाही, वकील लागत नाही. विमा कंपनीचं नकाराचं पत्र आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा.

कुरिअर कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या सेवेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होत नाही, असा आक्षेप समोरचा हमखास घेईल. त्याच कायद्यात स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला अपवाद दिलेला आहे, पण त्याचे शब्द विकत घेतलेल्या वस्तूंबद्दल आहेत. तो सेवेलाही लागू व्हावा, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात मांडा. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहा. कित्येकदा कंपनीच्या वरच्या कचेरीतून तिथूनच फोन येतो.